मित्राला दिलेले 5 लाख अडकलेत, दावा टाकू का?

ताई, तुमचं म्हणणं असं की मार्च 2024 मध्ये मिस्टरांच्या मित्राला तुमच्या खात्यातून 5 लाख एनईएफटी केले, कागद काही नाही, परतीची तारीख पण ठरली नव्हती, आता तो फोन उचलत नाही, आणि वकील 40 हजार फी सांगतायत, कोर्ट फी वेगळी, जी दावा टाकतानाच भरायची असते.

आधी मुदत बघा. अशा उसन्या पैशाला दिल्या दिवसापासून 3 वर्षं, म्हणजे मार्च 2027 नंतर दावाच चालणार नाही. "देतो देतो" करत लोक नेमकं हेच खेचतात! त्याने मुदतीच्या आत सहीनिशी लिहून दिलं की एवढे देणं आहे, तर त्या दिवसापासून नवीन 3 वर्षं मोजली जातात, त्यामुळे भांडण करण्याआधी ते लिहून घ्यायला बघा. लिहून घेण्याचा दुसरा फायदा असा की एनईएफटीने पैसे गेले हे दिसतं पण उसने दिले हे दिसत नाही, नाहीतर उद्या तो म्हणेल ते धंद्यातल्या भागीदारीचे होते.

आता खरा हिशोब. निकाल तुमच्या बाजूने लागला की पैसे आले असं नसतं हो, त्याने आपणहून दिले नाहीत तर दरखास्त टाकायची, म्हणजे निकालाप्रमाणे वसुली करून द्या असा कोर्टात अर्ज, मग जप्ती, आणि जप्त करायला त्याच्या नावावर काहीतरी पाहिजे ना. तुम्हीच लिहिलंय घर वडिलांच्या नावावर आहे, म्हणजे त्याला हात लागत नाही. नोकरीवाला असेल तर पगाराचा फार तर एक तृतीयांश जप्त होतो, पीएफ तर नाहीच. निकालानंतरचं व्याज पण साधारण 6 टक्क्यांच्या आतच.

म्हणून माझं मत, आत्ताच इमर्जन्सी फंड मोडून 40 हजार देऊ नका. आधी फक्त वकिलाची नोटीस, त्याचा खर्च फार नसतो. त्याच वेळी दुकानाचा गाळा कुणाच्या नावावर आहे, गावाकडे सातबारावर त्याचं नाव आहे का ते काढा. काही निघालं तर दावा टाका, मध्येच लोकअदालतीत मिटला तर कोर्ट फी परत मिळते. हप्त्याने देतो म्हणाला तर तारखा घातलेले चेक घ्या, बाउन्स झाला की बँकेचा मेमो, म्हणजे चेक परत आल्याची चिठ्ठी, आल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे.

आणि काहीच निघालं नाही तर मी दावा टाकणार नाही. मुलीच्या फीसाठी हे 5 लाख धरलेत ते आजच प्लॅनमधून काढा, एसआयपी किती वाढवायची ते पुढच्या मेलमध्ये बघू, पगाराची स्लिप पाठवा.