आतडी पुन्हा चिकटू नयेत म्हणून नॅनोफायबरचा पडदा चालेल का?

तुम्ही लिहिलंय की पहिल्या ऑपरेशननंतर आईची आतडी चिकटली आणि ती सोडवायला पुन्हा पोट उघडायचंय. मध्ये नॅनोफायबरचा, म्हणजे अतिसूक्ष्म धाग्यांचा, पडदा ठेवता येईल का, आणि जखम भरून आणणारी वस्तू चिकटणं कशी थांबवेल, असे तुमचे दोन प्रश्न. मी डॉक्टर नाही, असे पडदे तयार करण्याचं काम करते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी तर आम्ही रोज झगडतो.

पोटाच्या आतलं अस्तर दुखावलं की काही तासांत तिथे फायब्रिनची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाची, चिकट जाळी धरते. सगळं सुरळीत असेल तर शरीर ती विरघळवतं आणि ५ ते ७ दिवसांत नवं अस्तर येतं. पण ऑपरेशनमध्ये त्या भागाचा रक्तपुरवठा कमी झाला, पेशींना मार बसला, की ती विरघळायची राहते. मग फायब्रोब्लास्ट पेशी जाळीत शिरून कोलॅजन हे चिवट प्रथिन तयार करतात आणि तिचा पक्का पट्टा होतो. म्हणजे पडद्याची खरी गरज असते ती त्या पहिल्या आठवड्यात.

आमच्या यंत्रात सुईच्या टोकाशी पॉलिमरच्या (प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या) द्रावणाचा थेंब असतो. १०-२० किलोव्होल्ट दिले की तो शंकूसारखा निमुळता होतो आणि टोकातून धागा सुटतो. हवेत गरगरत तो वाळतो, दिवा तिरका धरला तरच डोळ्यांना दिसतो. तासाभराने फॉइलवर टिश्यू पेपरसारखा पांढरा थर बसलेला असतो. धाग्याची जाडी काहीशे नॅनोमीटर. आपला केस त्याच्या शंभरपट तरी जाड.

या धाग्यांमधल्या फटी पेशीपेक्षा लहान ठेवता येतात. पाणी, ऑक्सिजन, पोषकद्रव्यं पलीकडे जातात, पेशी अडते. त्यामुळे दोन्ही बाजूंचं अस्तर आपापलं भरून येतं. अडचण अशी की हे धागे शरीरातल्या कोलॅजनच्या जाळीसारखेच असल्याने पेशींना त्यांना धरून वाढायला आवडतं. त्वचेच्या जखमेत तेच हवं असतं. चिकटणं टाळायचं तर पृष्ठभाग निसरडा लागतो, म्हणून हायल्युरॉनिक आम्लाचा थर देतात; काहीजण धाग्यांत आयबुप्रोफेन हे सूज कमी करणारं औषधही भरतात. पॉलिमरची निवड मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पीसीएल नावाचा पॉलिमर वर्ष-दोन वर्षं विरघळत नाही, आणि आठवड्याच्या कामासाठी इतका काळ परकी वस्तू पोटात राहू देणं मला पटत नाही. पीएलजीए हा दुसरा पॉलिमर काही आठवड्यांत ते महिन्यांत विरघळून जातो.

आता आईबद्दल. पोटासाठीचे बहुतेक नॅनोफायबर पडदे अजून प्रयोगांच्याच टप्प्यावर आहेत, त्यामुळे त्या पडद्यांसाठी ऑपरेशन लांबवू नका. वापरात असलेले पडदे वेगळे आहेत: सेप्राफिल्मला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. तो एक-दोन दिवसांत जेलसारखा होतो आणि आठवडाभर मध्ये राहतो. कोरडा असताना कडकन मोडतो, ओल्या हातमोज्याला चिकटतो, म्हणून दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये बसवणं अवघड जातं. त्याने चिकटणं कमी होतं, पूर्ण थांबत नाही. सर्जनना त्याबद्दल जरूर विचारा, आणि आतड्याचा तुकडा काढून टोकं जोडावी लागणार आहेत का, हेही विचारून घ्या. त्या जोडावर सेप्राफिल्म गुंडाळत नाहीत, कारण जोड गळण्याचा धोका वाढतो.

ऑपरेशनची तारीख येईपर्यंत पोटात कळा, उलट्या आणि वायू सरणं बंद, असं झालं तर तारखेची वाट न पाहता लगेच दवाखान्यात न्या.