नडगी दुखतेय, पण मूळ रोजच्या घाईत आहे

तुम्ही चार महिने रोज ५ किलोमीटर पळताय, रोज कालच्यापेक्षा कमी वेळात संपवायचं बघताय, आता दमही लागत नाही. पण दोन आठवडे नडगी दुखतेय, हाफ मॅरेथॉन दहा आठवड्यांवर आलीय आणि शूज बदलू का, असं तुम्ही विचारलंय. शूजचं सांगते, पण आधी नडगी.

हाडाच्या आतल्या कडेवरून बोट दाबत खाली या. वीतभर पट्ट्यात दुखत असेल आणि पळून अंग गरम झालं की कमी होत असेल, तर बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे अतिताणाने नडगीच्या कडेला येणारं दुखणं. पण नाण्याएवढ्या एकाच जागी दुखत असेल, त्या पायावर उडी मारताना कळ येत असेल किंवा रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल, तर आजपासून पळणं बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ते स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर, असू शकतं. ते सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये सापडतं. पहिल्या वर्षी माझा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून मी आणखी तीन आठवडे पळत राहिले आणि मग तीन महिने घरी बसले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, असं मनापासून वाटतं.

दम लागत नाही, यावरच बहुतेक जण फसतात. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात. हाडं आणि कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणारे पट्टे) यांना महिने लागतात. त्यातही हाडाची रीत अशी, की ताण पडला की शरीर आधी तिथला जुना भाग काढून टाकतं आणि नंतर नवा भरतं. मधल्या काळात ते हाड उलट थोडं कच्चं असतं. नेमक्या त्याच दिवसांत आपल्याला वाटतं, आता जमायला लागलं, वाढवू या. तुम्ही तर रोज कालचा आकडा मोडताय. म्हणजे रोज शर्यतच झाली, हाडाला भरून यायला दिवस कुठला मिळणार?

म्हणून बरं वाटल्यावर पहिला बदल वेगात करा. शेजारी पळणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, इतकं सावकाश. सुरुवातीला हे फार हळू वाटतं, मन खट्टू होतं, तरी घड्याळाकडे बघू नका. स्टीफन सायलर या संशोधकाला अव्वल दर्जाच्या सहनशक्तीच्या खेळाडूंमध्ये हेच दिसलं: त्यांची साधारण ८० टक्के सत्रं सोप्या वेगाची असतात. आपण हौशी लोक मात्र सगळंच मधल्या वेगात पळतो. त्यात विश्रांतीही होत नाही आणि खरा वेगवान सरावही होत नाही.

परतताना आधी ३० मिनिटं झपझप चालून बघा. दुखलं नाही तर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, तेही एक दिवसाआड. पावलं थोडी आखूड टाका. लांब ढांग टाकली की पाय शरीराच्या फार पुढे पडतो आणि दणका वाढतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नडगी कशी आहे, त्यावर पुढचं ठरवा. पळताना अंग गरम असतं, त्या वेळचं दुखणं पूर्ण खरं सांगत नाही.

आठवड्यातून दोनदा टाचा उचलण्याचा व्यायाम करा, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवूनही. वाकवल्यावर पोटरीचा खोलातला स्नायू काम करतो, पळताना मोठा भार त्याच्यावर असतो आणि त्याच्याकडेच कुणी बघत नाही.

शूज: एक जोडी साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकते. रोज ५ म्हणजे चार महिन्यांत तुमचे ६०० झाले. तेव्हा बदलायला हरकत नाही, पण ज्यात पाय सुखावला तशाच धाटणीचे घ्या. तळात कडक कार्बनची पट्टी असलेले (कार्बन प्लेटवाले) आत्ता नकोत, आणि नव्या शूजनी हे दुखणं जाईल असं धरून चालू नका.

राहिली हाफ मॅरेथॉन. नडगी शांत व्हायला तीन आठवडे धरले तर हातात सात उरतात. तेवढ्यात ५ वरून २१ वर जायचं म्हणजे याच चुका दुप्पट वेगाने करायच्या. त्याच दिवशी १० किलोमीटरची शर्यत असेल तर नाव तिकडे बदलून घ्या, नसेल तर ही सोडा. दाबल्यावर नेमकं कुठे दुखतं तेवढं आधी कळवा, मग पुढचे आठवडे मिळून आखू.