किती गोल केले, हे विचारणं आधी बंद करा

मेलबर्नच्या टार्नीट उपनगरातून एका आईचं पत्र आलंय, चांगलं तीन पानी. त्यात सहा काळज्या आहेत, मी मोजल्या. पाच अगदी सविस्तर, मुद्देसूद. आणि खरी काळजी मध्येच कुठेतरी, चार ओळींत, घाईघाईने पदर सारखा करावा तशी. ती आधी देते (फूटी म्हणजे इथला ऑस्ट्रेलियन फुटबॉल, आणि ड्राफ्ट म्हणजे दर नोव्हेंबरात व्यावसायिक क्लब नवे खेळाडू निवडतात ते):

“ताई, मुलगा सतरा वर्षांचा, यंदा बारावी. फूटी खेळतो, अठरा वर्षांखालच्या चांगल्या टीममध्ये आहे, फुल बॅक. त्याला ड्राफ्टमध्ये जायचंय. हे म्हणतात, आधी युनिव्हर्सिटी. साताऱ्याहून सासूबाई दर रविवारी विचारतात, किती गोल केले? गेल्या दोन वर्षांत एकही नाही. मग ही एवढी धडपड कशासाठी?”

अहो, एकही गोल नाही हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय! पोस्टमनच्या आईने “याने दोन वर्षांत एकही पत्र स्वतः लिहिलं नाही” म्हणावं, त्यातली गत. फुल बॅक म्हणजे आपल्या गोलसमोरचा राखणदार, त्याने गोल करायचा नसतो. शेजारी जो उभा आहे त्याला करू द्यायचा नसतो. दोन वर्षं हा मुलगा तुमच्या घरात राहून, तुमच्या हातची पोळी खाऊन हे काम करतोय आणि ते काय आहे हे घरात कुणाला माहीत नाही. सासूबाईंना मी दोष देत नाही, त्या साताऱ्यात आहेत. तुम्ही मैदानापासून वीस मिनिटांवर आहात.

नेहमीच्या वाचकांना कळलं असेल मी आता कुठे जाणार. होय, तिथेच. गाडीतून उतरा.

आपण मुलांना सगळीकडे पोचवतो, यात आपला हात कुणी धरणार नाही. पोहणं, तबला, कुमॉन, फूटी. पण पोचवलं की गाडीत बसून राहतो. हीटर लावायचा, सीट मागे करायची. दुपारी दोनची मॅच म्हणजे भारतात सकाळचे साडेनऊ, बहिणीला फोन लावायची हक्काची वेळ. काचेवर वाफ धरलेली, पलीकडे हिरवं काहीतरी हलतंय. हे मला कसं माहीत? चार हिवाळे मी हेच केलंय. माझा मोठा बॅक पॉकेटला खेळायचा, म्हणजे तुमच्या मुलाच्या शेजारच्याच खोलीतला भाडेकरू. आणि मला बॅक पॉकेट म्हणजे पँटचा खिसा एवढंच ठाऊक होतं.

तर उतरा, आणि कँटीनपाशी कांदा-सॉसेजच्या वासात घुटमळू नका. थेट गोलच्या मागे, कुंपणाला टेकून उभ्या राहा. चार खांब दिसतील. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू लाथेने गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. आता चेंडूकडे बघू नका, मुलाकडे बघा. त्याच्या अंगाला अंग लावून समोरच्यांचा सगळ्यात तगडा गडी उभा असेल. पन्नास मीटरवरून चेंडू उंच येतोय. त्या गड्याने तो झेलला की त्याला मार्क मिळतो, मग त्याला कुणी हात लावायचा नाही, निवांत नेम धरून किक मारायची. तुमच्या मुलाला झेलता आला तर उत्तमच. पण नाही आला तरी चालतं. त्याने शेवटच्या क्षणाला मागून हात घालून, समोरच्याच्या पाठीला धक्का न लावता, मुठीने चेंडू उडवला की काम फत्ते. धक्का लागला तर फ्री किक, म्हणजे बहुधा गोलच. ह्या मुठीला स्पॉइल म्हणतात. आवाज होतो, ओल्या चामड्यावर थप्प असा. तो एकदा जवळून ऐका.

माझे वडील इस्लामपूरकडे कबड्डी खेळायचे, डाव्या कोपऱ्यात. चढाई करणाऱ्याचं नाव भोंग्यावरून गावभर. वडिलांनी त्याच्या घोट्याला मिठी घातली की भोंगा म्हणायचा, “अमुक अमुक बाद”. कुणी बाद केला ते नाही. आईला लग्नानंतर सहा वर्षं वाटत होतं की हे नुसतेच उभे असतात. इथे ऑस्ट्रेलियातही तेच. ब्राउनलो पदक हा इथला सर्वोच्च वैयक्तिक मान, १९२४ पासून दिला जातो, पंच मत देतात. शंभर वर्षांत अस्सल फुल बॅक म्हणावा असा एकच माणूस तो जिंकला, साउथ मेलबर्नचा फ्रेड गोल्डस्मिथ, १९५५ साली. तेव्हा सासूबाई एकट्या नाहीत. पंचांचीही नजर चेंडूवरच.

आता यजमानांचं म्हणणं. “आधी युनिव्हर्सिटी.” मी त्यांच्या बाजूची आहे, आणि नाहीही. बारावी पूर्ण करायचीच, त्यात चर्चा नको. आणि ते फूटी सोडून करावं लागतं असं नाही. एसेंडनचा डस्टिन फ्लेचर १९९३ साली शाळेच्या शेवटच्या वर्षात असताना सीनियर टीममधून खेळत होता. आठवडाभर गणवेश, शनिवारी देशातले सर्वात दांडगे फॉरवर्ड अंगावर. त्याच सप्टेंबरात वयाच्या अठराव्या वर्षी तो ग्रँड फायनल जिंकला. मग २०१५ पर्यंत खेळला, चाळिशी गाठली, बरोबर चारशे मॅचेस. मागच्या फळीतला माणूस असा टिकू शकतो. तिथे पळण्यापेक्षा चेंडू कुठे पडणार याचा अंदाज जास्त लागतो, आणि अंदाज वयाने सुधारतो. हे मला माझ्या मोठ्या मुलाने शिकवलं. मी भाजी चिरत होते आणि तो फ्रीजला टेकून सांगत होता.

पण फ्लेचर हा फ्लेचर आहे, त्याचे वडीलही एसेंडनचे कर्णधार होते. तुमच्या घरासाठी मला दुसरे दोघे जवळचे वाटतात. जिलाँगचा टॉम स्ट्युअर्ट अठराव्या वर्षी कुणाला नको होता. गावच्या क्लबात खेळत राहिला, आणि २०१६ च्या ड्राफ्टमध्ये चाळिसाव्या क्रमांकावर त्याचं नाव आलं तेव्हा तेवीस वर्षांचा होता. पुढे वर्षाच्या सर्वोत्तम संघात, ज्याला ऑल-ऑस्ट्रेलियन म्हणतात, त्यात कितीदा तरी निवडला गेला, आणि २०२२ ची प्रीमियरशिप जिंकला. दुसरा सेंट किल्डाचा कॅलम विल्की. हा तर यजमानांना वाचून दाखवाच. अकाउंटंट होता! ॲडलेडमध्ये नोकरी करत स्थानिक लीग खेळायचा. २०१८ च्या अखेरीस बावीस वर्षांचा असताना ड्राफ्टमध्ये आला, आणि २०२३ ला ऑल-ऑस्ट्रेलियन. म्हणजे पदवी आधी की फूटी आधी, हे भांडण मागच्या फळीच्या बाबतीत तेवढं अटीतटीचं नाही. नोव्हेंबरात नाव आलं नाही तर दार बंद झालं असं समजू नका. व्हीएफएल ही एक पायरी खालची लीग आहे, मोसमाच्या मध्यातला ड्राफ्ट आहे, पुढचं वर्ष आहे.

आणि नाव आलं, तर? याचा विचार तुमच्या पत्रात कुठेच नाही. मुलगा क्लब निवडत नाही, क्लब मुलाला निवडतो. पर्थच्या क्लबाने नाव पुकारलं की पर्थ. साडेतीन-चार तासांचं विमान, अठराव्या वर्षी परक्याच्या घरी खोली, दोन-तीन वर्षांचा करार, त्यापुढचं कुणाच्याच हातात नाही. आपल्याला मुंबई विमानतळावर सोडताना आईवडिलांचे चेहरे कसे झाले होते ते आपण विसरलो नाही. तिकडे उभं राहायची पाळी आपली येईल असं मात्र आपल्याला वाटत नाही.

काळजीच करायची तर गुडघ्याची आणि डोक्याची करा. रिचमंडचा ॲलेक्स रान्स सलग पाच वर्षं ऑल-ऑस्ट्रेलियन, २०१७ च्या विजेत्या संघात. २०१९ च्या पहिल्याच मॅचमध्ये गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला. त्या वर्षी टीम पुन्हा जिंकली, ती त्याच्याशिवाय. डिसेंबरात निवृत्त झाला, वय तीस. वेस्ट कोस्टचा जेरेमी मॅकगव्हर्न, २०१८ ची ग्रँड फायनल: शेवटची दोनेक मिनिटं उरलेली, कॉलिंगवूड पुढे, आणि याने आपल्या गोलपाशी उडी मारून तो चेंडू झेलला. तिथून तीन पासात चेंडू पलीकडे गेला आणि डॉम शीडने कडेवरून गोल मारला. पाच गुणांनी जिंकले. सगळ्यांना शीडचा गोल आठवतो (बघा, परत तेच). त्याच मॅकगव्हर्नला २०२५ मध्ये डोक्याला वारंवार बसलेल्या मारामुळे थांबावं लागलं. आणि सेंट किल्डाचे जुने फुल बॅक आणि कर्णधार डॅनी फ्रॉली २०१९ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या मेंदूत सीटीई हा आजार सापडला, असाच वारंवार मार बसून होणारा.

घाबरवायला लिहीत नाहीये. पण डोक्याला मार लागला तर स्थानिक पातळीवर निदान एकवीस दिवस मॅच नाही, असा इथला नियम आहे. मुलगा चौथ्या दिवशी म्हणेल, “आई, मी ठीक आहे.” सगळेच म्हणतात. एकवीस म्हणजे एकवीस, समोर ड्राफ्टचे निवडसमितीवाले येऊन बसलेले असले तरी. इथे यजमानांनी आवाज चढवला तर मी त्यांच्याबरोबर आहे.

आता माझं सांगते, म्हणजे गाडीतून उतरा असं मी दर दोन महिन्यांनी का ओरडते ते कळेल. मोठा सोळाचा असताना त्याला अठरा वर्षांखालच्या संघाच्या चाचणीला बोलावलं. शेवटच्या यादीत नाव नव्हतं. विल्यमस्टाउनकडून परत येत होतो, पावसाची भुरभुर, त्याची दोन बोटं एकत्र पट्टीने बांधलेली. मी म्हटलं, “बरं झालं, सुटलास. आता अभ्यासाला लाग.” मला खरंच वाटलं होतं की मी धीर देतेय. तो लॅव्हर्टन येईपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, “तू एक तरी पूर्ण मॅच बघितलीयस का?”

नव्हती बघितली.

त्याने पुढे युनिव्हर्सिटीही दुसऱ्या वर्षात सोडली, इलेक्ट्रिशियन झाला, आणि आमच्याकडे दोन दिवाळ्या त्या विषयावर कुणी बोललं नाही. आज त्याच्या हाताखाली दोन मुलं आहेत आणि आमच्या मंडळातल्या निम्म्या घरांतली वायरिंग त्याने केलीय, ज्यांनी नाकं मुरडली त्यांचीही. शनिवारी अजून खेळतो, अमॅच्युअर लीगमध्ये, बॅक पॉकेटलाच. मी गोलच्या मागे उभी असते. मागच्या महिन्यात आमचे हेही गाडीतून उतरले. पहिल्या क्वार्टरनंतर म्हणाले, “हा पंच आंधळा आहे का?” मला इतकं बरं वाटलं.

तेव्हा तुम्ही असं करा. येत्या शनिवारी दोघंही जा. फोन गाडीत ठेवा. त्याचे स्पॉइल मोजा, बोटांवर चालतील. आणि परत येताना गाडीत सल्ला नको, “त्या नऊ नंबरवाल्याला तिसऱ्या क्वार्टरमध्ये कसा अडवलास?” एवढंच विचारा. आधी बघा तो किती बोलतो, ड्राफ्ट आणि युनिव्हर्सिटीचं त्यानंतर काढा. आणि सासूबाईंना सांगा, नातू कबड्डीतल्या कोपऱ्यावर खेळतो. सातारकर आहेत, अर्ध्या वाक्यात समजेल.

उरलेल्या पाच काळज्या. मराठी शाळा शनिवारची बुडते: बुडू द्या, घरात मराठी बोला. बीफ खातो: सतरा वर्षांच्या मुलाच्या ताटावर पहारा ठेवायला आपल्याला वेळ नाही. टॅटूचं म्हणतोय: अठरा पूर्ण होईपर्यंत नाही म्हणा, मग विचारणार नाहीच. डिसेंबरात कोल्हापूरला पुतणीचं लग्न आहे: त्याला न्या, पण चार दिवस, आणि मटणाच्या पंगतीवर लक्ष असू द्या. मॅकगव्हर्नला कारकिर्दीच्या सुरुवातीला वजन वाढवून आला म्हणून क्लबाने सरावातून घरी पाठवलं होतं.

माऊथगार्डला वास येतो, असं तुम्ही लिहिलंय. गार पाणी आणि टूथब्रश. डिशवॉशरमध्ये अजिबात टाकू नका. आमचा एक असाच विरघळून चमच्यांच्या जाळीला चिकटला, अजून सुटलेला नाही.