हायब्रिड मेम्ब्रेन: आधी फटी शोधा

पॉलिमरमध्ये सच्छिद्र स्फटिकांचं फिलर मिसळून केलेल्या, वायू वेगळे करणाऱ्या मेम्ब्रेनबद्दल (पातळ पडद्यांबद्दल) तेच तेच प्रश्न येत आहेत. त्यातल्या काहींची ही उत्तरं.

प्र. एकच मेम्ब्रेन हायड्रोजन वेगळा करायला आणि धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड पकडायला चालेल का?

नाही. पहिल्यासाठी रेणू आकारानुसार चाळणारं ताठ पॉलिमर लागतं, दुसऱ्यासाठी कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेणारं, पेबॅक्ससारखं.

प्र. झिफ-८ ची (फिलरच्या सच्छिद्र स्फटिकांपैकी एकाची) पावडर मिसळण्याआधी ओव्हनमध्ये वाळवावी का?

नको. वाळताना कणांच्या गुठळ्या होतात आणि अल्ट्रासोनिक बाथमध्येही त्या पूर्ण फुटत नाहीत. मेथॅनॉलने धुऊन, ओलं असतानाच कास्टिंगच्या (मेम्ब्रेन ओतण्याच्या) द्रावकात घ्या.

प्र. मॅट्रिमिड या ताठ पॉलिमरमध्ये ३० टक्के झिफ-८ घातलं. पारगम्यता (वायू किती सहज आरपार जातो) तिप्पट झाली आणि हायड्रोजन-कार्बन डायऑक्साइड निवडक्षमता (पहिला वायू दुसऱ्याच्या किती पट सहज जातो) ३ वरून ४ वर गेली. सुधारणा झाली ना?

एवढ्यावरून म्हणता येत नाही, आणि नेमकी इथेच सगळ्यांची फसगत होते. बारीक भोकांतून वायू रेणूच्या वजनानुसार सुटतात. अशा न्यूडसेन प्रवाहात ही निवडक्षमता ४.७ येते, म्हणजे मॅट्रिमिडच्या स्वतःच्या आकड्याहून जास्त! त्यामुळे फिलरभोवती फटी राहिल्या तरी आकडा चढतोच. त्याच तुकड्यावर हायड्रोजन-नायट्रोजन निवडक्षमता मोजा. झिफ-८ च्या खिडक्या (छिद्रांची तोंडं) लवचीक असल्याने थोडी घट येईल, पण आकडा ३.७ च्या, म्हणजे या जोडीच्या न्यूडसेन आकड्याच्या, दिशेने कोसळला तर फटी आहेत असं समजा.

उपाय असा: फिलर द्रावकात विखुरलं की एकूण पॉलिमरचा दहावा भाग घालून काही तास ढवळा, म्हणजे कणांवर पातळ थर बसतो. उरलेलं पॉलिमर नंतर घाला. द्रावक क्लोरोफॉर्म असेल, तर ते ६१ अंशांना उकळतं; उघड्यावर ते भराभर उडतं, वर आधी साय धरते आणि आकसणारं पॉलिमर कणांपासून सुटतं. कास्टिंगवर झाकण ठेवून सावकाश वाळू द्या. वरून दिलेला सिलिकॉन रबरचा हात आरपार भोकं बुजवतो, कणांभोवतीच्या फटी नाही. तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये मोडून त्याची कड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जाणकाराकडून तपासून घ्या.

प्र. पुरवठादाराच्या पत्रकातले आकडे धरावेत का?

एकेक कोरडा वायू सोडून काढलेले असतील तर मुळीच नाही. धुरात वाफ असते आणि मिश्रणात वायू एकमेकांची वाट अडवतात. शिवाय दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने पॉलिमर फुगतं, निवडक्षमता उतरते. मिश्र, ओल्या वायूचे आकडे तापमान आणि दाबासह लेखी मागा. मोजताना मेम्ब्रेन किती जुनं होतं हेही विचारा. पातळ थराची पारगम्यता काही आठवड्यांतच घटते. हे सगळं प्रोसेस इंजिनिअरला दाखवल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

प्र. हायड्रोजनची चाचणी नेहमीच्या प्रयोगशाळेत करू का?

हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला की तो पेटू शकतो. एक्झॉस्ट, गळती दाखवणारा डिटेक्टर आणि सुरक्षा अधिकाऱ्याची परवानगी, हे तिन्ही असल्याशिवाय सिलिंडर उघडू नका.