रिव्हॉल्व्हरच्या व्याजात कोटीचा विमा आला असता

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून: "सांगलीत हळदीचा व्यापार आहे. वय ४५. सीझनमध्ये रोकड घेऊन रात्री घरी यावं लागतं, म्हणून शस्त्र परवाना काढला. गेल्या महिन्यात ओळखीच्या एका गृहस्थांकडून जुनं विलायती रिव्हॉल्व्हर २ लाख ६० हजारांना घेतलं, रोखीत. परवान्यावर नोंद झाली आहे. पैसे दोन विमा पॉलिसींवर कर्ज काढून उभे केले. घरी सांगितलं नव्हतं. परवा सौ. घरपट्टीची पावती शोधत होती, तेव्हा कपाटात तिला डबा सापडला. तेव्हापासून अबोला. माझं म्हणणं, आयात बंद असल्यामुळे विलायती वस्तूचा भाव वर्षाला दहा टक्के वाढतोच, म्हणजे ही गुंतवणूकच. हे तिला कसं पटवून द्यावं? बाकी माझं नियोजन व्यवस्थित आहे. तीन पॉलिसी, वर्षाला १ लाख ५२ हजार हप्ता, विमा १६ लाखांचा. नॉमिनी आई होती, ती २०२१ मध्ये गेली. घरकर्ज २२ लाख बाकी. घरखर्च महिना ४५ हजार. मुलं पंधरा आणि अकरा वर्षांची. सौ. बी.कॉम. आहे, पण पैशाचं तिला सांगत नाही, उगाच टेन्शन घेते."

नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. रिव्हॉल्व्हर ही गुंतवणूक नाही आणि तसं पत्नीला पटवूही नका. ज्याच्याकडे परवाना आहे असाच माणूस ते विकत घेऊ शकतो. विकायच्या आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा पोलिस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावं लागतं. उद्या घरात कोणी आजारी पडलं आणि दवाखान्यात दोन लाख भरायचे झाले, तर हे रिव्हॉल्व्हर दीड महिना तरी उपयोगाचं नाही. निवडणुकीच्या काळात ते ठाण्यात जमा करायचा आदेश निघू शकतो. परवाना पाच वर्षांनी नूतनीकरणाला येतो आणि तो नाकारला गेला तर वस्तू पडेल त्या भावात द्यावी लागते.

आता तुमचे दहा टक्के. समजा ते खरे ठरले. पाच वर्षांनी २ लाख ६० हजारांचे साधारण ४ लाख २० हजार होतील. पॉलिसीवरचं कर्ज साडेनऊ टक्क्यांच्या आसपास धरलं, तर त्याच पाच वर्षांत कर्ज व्याजासकट ४ लाख १० हजारांच्या जवळ जातं. म्हणजे सगळं तुमच्या मनासारखं झालं, तरी पाच वर्षांत हाती दहा हजार. आणि भाव तुमच्या मनासारखे वाढतील याला आधार काय? विलायती शस्त्रांची खासगी आयात १९८०च्या दशकापासून बंद आहे, म्हणून जुन्या मालाला भाव आहे, एवढंच खरं. सरकारचं धोरण बदललं, किंवा इथे तयार होणारी चांगली हत्यारं वाढली, की तो भाव टिकेलच असं नाही.

व्यवहारातली आणखी एक गोष्ट. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घ्यायला आयकर कायद्यात बंदी आहे आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. दंड तुम्हाला नाही, ज्यांच्याकडून घेतलंत त्यांना आहे. त्यांना हे सांगा आणि दोघं मिळून सीएला भेटा.

रिव्हॉल्व्हरचा हिशेब इथे संपला. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा "बाकी माझं नियोजन व्यवस्थित आहे" या वाक्यापाशी थांबलो. ते व्यवस्थित नाही. देव न करो, पण तुम्ही आज गेलात तर काय होईल ते मांडतो. विमा १६ लाख. त्यातून आधी पॉलिसीवरचं कर्ज वजा होणार, म्हणजे उरले १३ लाख ४० हजार. घरकर्ज २२ लाख. पत्नीच्या अंगावर साडेआठ लाखांचं देणं, दोन शाळकरी मुलं, महिन्याला ४५ हजारांचा खर्च, आणि कपाटात एक रिव्हॉल्व्हर, जे तुमच्या माघारी स्वतःचा परवाना नसताना घरात ठेवणं त्यांच्यासाठी बेकायदा आहे. ते ताबडतोब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं, हे त्यांना आज तरी कोणी सांगितलेलं नाही.

ते १३ लाखही लगेच मिळणार नाहीत. नॉमिनी आई, त्या हयात नाहीत. मग कंपनी वारसाचे कागद मागणार, वेळ पडली तर कोर्टातून वारसा प्रमाणपत्र आणायला सांगणार. पाच वर्षांपूर्वी एक ताई माझ्याकडे आल्या होत्या. किराणा दुकानाच्या कापडी पिशवीत कागद होते. लॅमिनेट केलेला पॉलिसी बाँड, हप्त्यांच्या फिकट झालेल्या पावत्या, एक चेकबुक. टेबलावर सगळं मांडून त्यांनी विचारलं, "यातलं चालू कुठलं आणि बंद कुठलं, तेवढं सांगता का?" एकवीस वर्षांच्या संसारात त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्या पत्नी तर बी.कॉम. आहेत. पंधरा मिनिटांत त्यांना सगळं समजेल. सांगण्याने येणारं टेन्शन दोन दिवसांचं असतं. न सांगितलेलं मात्र तुमच्या माघारी त्यांना एकटीला निस्तरावं लागेल.

नॉमिनी बदलायला पैसे लागतात ते नगण्य. एक फॉर्म आहे. तो या आठवड्यात भरा, तिन्ही पॉलिसींवर, आणि बँक खात्यांवरही बघून घ्या.

मग टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच रक्कम देणारा निव्वळ विमा. एक कोटीचा, साठीपर्यंतचा. तुमच्या वयाला, तब्येत ठीक असेल तर वर्षाला २० ते २५ हजार. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. त्या एक कोटीतून घरकर्ज फेडलं तर ७८ लाख उरतात. सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला साडेपाच लाखांच्या आत-बाहेर, म्हणजे तुमचा आजचा घरखर्च. महागाई धरली तर हेही कमी पडेल. एक कोटी हा किमान आकडा समजा. आता हे बघा: रिव्हॉल्व्हरसाठी काढलेल्या कर्जाचं वर्षाचं व्याज साधारण २५ हजार आहे. तेवढ्या पैशात तुमच्या घराला एक कोटीचं छत्र मिळालं असतं. व्यापारी माणूस आहात, देणी-घेणी असतात. म्हणून ही पॉलिसी मॅरिड वुमन्स प्रॉपर्टी ॲक्टखाली घ्या, म्हणजे रक्कम पत्नी-मुलांचीच राहते, सावकार तिला हात लावू शकत नाहीत. हे पॉलिसी घेतानाच सांगावं लागतं, नंतर जमत नाही.

आता तुमची तिसरी पॉलिसी. पत्रासोबत जोडलेल्या कागदावरून दिसतं की बँकेतल्या माणसाने "एफडीसारखीच, फक्त परतावा जास्त" म्हणून ती गळ्यात मारली. वर्षाला ९० हजार, दहा वर्षं, आणि विसाव्या वर्षी १७ लाख. "नऊ लाखांचे जवळपास दुप्पट" असं सांगितलं असणार. मला याचा मनापासून राग येतो. हा परतावा वर्षाला सव्वाचार टक्केही पडत नाही. तेच ९० हजार दहा वर्षं पीपीएफमध्ये, आजच्या ७.१ टक्क्यांनी टाकले असते, तर विसाव्या वर्षी साडेसव्वीस लाख. साडेनऊ लाखांचा फरक, आणि "गॅरंटीड" हा शब्द ऐकून तुम्ही सही केलीत. तीन हप्ते गेलेत. चौथा भरू नका, पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती कमी रकमेवर चालू ठेवा. तिचे अंदाजे पाच लाख शेवटी मिळतील आणि पुढच्या सात हप्त्यांचे पैसे पीपीएफमध्ये गेले तर साडेसोळा लाखांच्या आसपास होतील. मिळून एकवीस-बावीस, सतरा नव्हे. नेमका पेड-अप आकडा कंपनीकडून लेखी घ्या. आणि क्रम चुकवू नका: टर्मची पॉलिसी हातात पडल्यावरच हिचे हप्ते थांबवा.

रोकडीची भीती खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. पण दुकानदारांसाठी वाहतुकीतल्या रोकडीचा विमा मिळतो, त्याची चौकशी करा. जेवढे व्यवहार आरटीजीएसवर नेता येतील तेवढे न्या. अंधारात पिशवी घेऊन निघालेल्या माणसाला कंबरेचं रिव्हॉल्व्हर किती वाचवतं, हे पत्नीशी बोलताना स्वतःलाही विचारा.

बोलायचं आहेच. "गुंतवणूक केली" असं म्हणू नका. "तुला न विचारता कर्ज काढलं, चुकलं" एवढं म्हणा, आणि मग तिन्ही पॉलिसी, घरकर्जाचं स्टेटमेंट, परवाना, सगळं त्यांच्यापुढे ठेवा. घरात अकरा आणि पंधरा वर्षांची मुलं आहेत. तो डबा आज घरपट्टीच्या पावतीशेजारी आहे, तो आजच तिथून हलवा. भिंतीला पक्क्या बसवलेल्या कुलपाच्या पेटीत ठेवा, काडतुसं वेगळी, किल्ली फक्त तुमच्याकडे. पत्नी म्हणाल्या विका, तर चाळीस-पन्नास हजार कमी आले तरी विका आणि आलेले पैसे थेट पॉलिसीच्या कर्जात भरा. ठेवू द्या म्हणाल्या, तर कर्ज दोन वर्षांत फेडायचा हप्ता दोघं मिळून ठरवा, महिन्याला बारा हजारांच्या आसपास येईल.

पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की दुकानात कधीमधी तंबाखू मळता. टर्मच्या फॉर्ममध्ये ते लिहा. हप्ता बऱ्यापैकी वाढेल, भरा. ते लपवलं तर क्लेमच्या वेळी कंपनी नेमकं त्यावरच बोट ठेवते आणि तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही नसाल, पत्नी असतील.