नकाशा रंगण्याआधी

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. शहराच्या बाह्य विकास आराखड्याच्या, म्हणजे कोणत्या जमिनीवर काय होऊ द्यायचे हे ठरवणाऱ्या 'ओडीपी'च्या, फेरतपासणीत लोकसहभागाची बाजू तुझ्याकडे सोपवली आहे हे वाचून मनापासून आनंद झाला, कारण ओडीपीतले हे काम सहसा शेवटी उरलेल्या माणसाच्या गळ्यात पडते आणि उरकले जाते. तू विचारले आहेस की हरकतींसाठी किती मुदत ठेवावी आणि सुनावण्या कशा घ्याव्यात. त्याबद्दल लिहीनच, पण तुझ्या प्रश्नाच्या आधीच एक टप्पा येऊन जातो, आणि माझ्या मते झोनचे, म्हणजे जमिनीच्या ठरवून दिलेल्या वापराचे, भवितव्य बहुतेक वेळा तिथेच ठरते.

आपल्या गोव्याच्या १९७४ च्या नगर व ग्रामनियोजन कायद्याप्रमाणे ओडीपीची सुरुवात भू-वापर नकाशा आणि भू-वापर नोंदवही यांपासून होते. आज कोणत्या तुकड्यावर घर आहे, कुठे दुकान, कुठे भाट (माडांची बागायत), कुठे शेत, कुठे पाणी, हे त्यात उतरते. या नकाशावरही लोकांना हरकत घेता येते, पण त्या दिवसांत कार्यालयात कोणी फिरकत नाही. अजून झोनचे रंग भरलेले नसतात, कोणाच्या जमिनीचे काय होणार हे दिसत नसते, म्हणून कोणाला त्यात आपले काही अडकले आहे असे वाटत नाही. नोंदवहीत एकदा 'पडीक' असा शेरा पडला की पुढच्या टेबलावरचा माणूस त्या तुकड्यावर वसाहतीचा रंग अगदी सद्भावनेने भरतो. त्याच्यापुढे कागदच तसा आलेला असतो.

मी नोकरीत नवा असताना एका शहराच्या कडेचे सर्वेक्षण मे महिन्यात झाले. वस्तीच्या मागे खाजन होते, म्हणजे नदीकाठची बांध घालून राखलेली सखल, खारट जमीन. मे महिन्यात खाजनाची माती सुकून तिला हातभर भेगा पडतात, वर खारट पापुद्रा येतो, आणि गुरे मोकळी फिरत असतात. आमच्या सर्वेक्षकाने बांधावरून पाहिले आणि नोंद केली 'मोकळी जागा, वापर नाही'. तो खोटे लिहीत नव्हता. पुढे सुनावणीच्या दिवशी एक म्हातारे शेतकरी आले, टेबलावरच्या नकाशाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "साहेब, आषाढात या, कमरेएवढे पाणी दाखवतो." तोवर आराखड्याचा मसुदा छापून झाला होता, बाजूच्या तुकड्यांचे व्यवहारही सुरू झाले होते, आणि त्यांची हरकत चारशे हरकतींपैकी एक म्हणून बांधून ठेवली गेली. त्या खाजनात पावसाचे पाणी साठते म्हणून मागची वस्ती कोरडी राहते, ही गोष्ट त्या माणसाला ठाऊक होती. आम्ही त्याला विचारले तेव्हा फार उशीर झाला होता. हे मला आजही सलते, आणि या पत्राचे खरे कारण तेच आहे.

म्हणून तुझी पहिली फेरी नोंदवही तयार होत असतानाच काढ. प्रभागाचा सर्व्हे नकाशा मोठ्या आकारात छापून घे. शहराच्या जुन्या भागात लोक आपली जागा शहर भूमापनाच्या पी.टी. शीट आणि चलता नंबर यांवरून ओळखतात, तर कडेच्या गावठाणात आणि वाड्यांवर एक-चौदाच्या (जमीन हक्क नोंदीच्या) उताऱ्यावरचा सर्व्हे नंबर व पोटविभाग चालतो; नियोजन क्षेत्रात दोन्ही येत असतील तर दोन्ही नकाशावर वाचता येतील असे लिही. त्याच्या जोडीला स्थानिक नावे लिही. शेताचे, तळ्याचे, घाटीचे, देवळामागच्या वाटेचे नाव लोकांच्या तोंडी असते, ते कुठल्याच सरकारी नकाशावर नसते, आणि ते नाव ऐकले की माणूस लगेच बोट ठेवतो. शक्य असेल तर फेरी दोनदा काढ, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पाऊस पुरता लागल्यावर. खाजन, खेर (रेताड) आणि मोरड (उंचावरची) हे आपल्या जमिनीचे तीन प्रकार कागदावर सारखेच सपाट दिसतात. पावसात त्यांतला फरक पायाला कळतो.

फेरीला बरोबर कोण असावे हा प्रश्न मुदतीच्या प्रश्नाहून मोठा आहे. नगरसेवक येतील, ते यावेतच. पण भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत पिढ्यान्पिढ्या राहणारा मुंडकार आपणहून येणार नाही. त्याचे घर ज्या सर्व्हे नंबरात असते त्याच्या उताऱ्यावर मालक म्हणून नाव दुसऱ्याचे असते, नोटीस पाठवायची झाली तर ती त्या नावाने जाते, आणि मालकाने झोन बदलून मागितला तर घरात राहणाऱ्याला ते बाहेरूनच समजते. मुंडकारांना घरातून काढून टाकण्यापासून संरक्षण देणारा कायदा १९७५ पासून आहे, पण आराखड्याच्या नोंदवहीत त्यांच्या घरांची खूण असल्याशिवाय नियोजनाच्या टेबलावर ती घरे दिसत नाहीत. मामलेदार कार्यालयातली मुंडकारांची नोंद मागवून घे आणि ती घरे नकाशावर ठिपक्याने दाखव. तसेच भाडेकरू, बाजारात बसणाऱ्या बायका, नदीकाठी होड्या लावणारे. जागेचा वापर ते करतात, पण उतारा त्यांच्या नावावर नसतो.

आता लोक तुमच्यावर विश्वास का ठेवत नाहीत, हे तू विचारले नाहीस तरी सांगतो, कारण पहिल्याच सभेत तुला त्याला तोंड द्यावे लागेल. साऱ्या गोव्यासाठीचा प्रादेशिक आराखडा २०११ (म्हणजे २०११ सालापर्यंतचा) हा २००६ मध्ये अधिसूचित झाला. डोंगर, शेते आणि भाटे वसाहतीत गेलेली पाहून गोवाभर लोक उठले, गोवा बचाव अभियान उभे राहिले, आणि २००७ च्या आरंभी सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. त्यानंतर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या नेतृत्वाखालील कृती दलाने प्रादेशिक आराखडा २०२१ ची आखणी केली आणि त्याचे मसुदे गावागावांत पाठवले. ग्रामसभांनी आपापल्या गावाच्या नकाशावर तळी, ओहोळ, देवराया आणि शेते दाखवली. कित्येक ठिकाणी ते काम रात्री उशिरापर्यंत चालले. माझ्या माहितीत सामान्य माणसाने पेन्सिल हातात घेऊन नियोजन केले ते तेव्हा. पण तो आराखडाही पुढे अनेक वर्षे स्थगित राहिला, आणि नंतर एकेका सर्व्हे नंबरापुरता झोन बदलण्याच्या वाटा याच नगरनियोजन कायद्यात आल्या. २०२३ मध्ये कलम १७(२) खाली 'अनवधानाने झालेल्या चुका' दुरुस्त करण्याचे नियम आले, ते मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले. विनंतीवरून झोन बदलू देणारे ३९-अ कलम २०२४ मधले. त्यात हरकतींसाठी ३० दिवस ठेवले गेले. रात्र जागून नकाशा रंगवलेल्या माणसाच्या मनात तेव्हापासून एकच प्रश्न आहे, की आम्ही रंगवलेला रंग टिकणार कशावरून. या प्रश्नावर तू सरकारच्या वतीने आश्वासन देऊ नकोस. तुझ्या हातात जेवढे आहे तेवढेच सांग.

हातात काय नाही, तेही सभेच्या सुरुवातीलाच सांग. किनारी नियमन क्षेत्र, वन, कलम १७-अ खालची डोंगरकापणी व सखल जमिनी बुजवण्यावरची बंधने, कुळांच्या शेतजमिनींचा वापर बदलू न देणारा १९९१ चा कायदा, यांवर मतदान होत नसते. हे आधी स्पष्ट केले की उरलेल्या गोष्टींवर चर्चा नेमकी होते.

आकड्यांची भाषा मात्र तुलाच सोपी करावी लागेल. एफएआर म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती टक्के बांधकाम करता येते तो आकडा. 'एफएआर ८० वरून १५०' असे सूचनाफलकावर लिहिले तर दहांत एकालाही त्याचा अर्थ लागत नाही. त्याऐवजी लोकांना ओळखीचा एखादा भूखंड घे. समज तो ४०० चौरस मीटरचा आहे. एफएआर ८० असेल तर त्यावर सगळे मजले मिळून ३२० चौरस मीटर बांधता येते, १५० झाला तर ६००. म्हणजे आज जिथे दोन कुटुंबे राहतात तिथे उद्या जवळजवळ चार राहू शकतील, तेवढ्यांचे पाणी, तेवढ्यांचे सांडपाणी, तेवढ्या गाड्या, आणि समोरचा रस्ता मात्र तेवढाच. हे चित्र काढून भिंतीवर लाव. मग त्या गल्लीतली बाई स्वतःच विचारते की आमच्या विहिरीशेजारी सेप्टिक टँक किती होणार. हा नियोजनाचाच प्रश्न आहे, आणि तो तिने विचारावा यासाठीच तू सभा घेतेस.

मुदतीबद्दल: कायद्याने दिलेल्यापेक्षा कमी देता येत नाही, जास्त द्यायला कोणाची ना नसते. गणेश चवथीच्या आगेमागे आणि लावणीच्या दिवसांत नोटीस काढू नकोस. त्या दिवसांत आलेली नोटीस म्हणजे न आलेलीच. राजपत्रात आणि इंग्रजी वर्तमानपत्रात ती जाईलच, पण मराठी व कोंकणी दैनिकांतही जाऊ दे, आणि त्यात नुसता नंबर न देता 'अमुक देवळामागचे भाट' अशी खूण दे. राजभाषा कायद्याने कोंकणीबरोबर मराठीच्या वापराला जागा दिली आहे. मराठीत आलेल्या हरकतीला मराठीतच उत्तर गेले पाहिजे यावर तू अडून राहा. सुनावणी संध्याकाळी, प्रभागातच घे. नकाशा जुना आणि प्रस्तावित असे दोन शेजारी शेजारी लाव, नाहीतर बदल कुठे झाला हे कोणालाच शोधता येत नाही.

हरकती आल्या की त्यांचे दोन गठ्ठे कर. एकात स्वतःच्या जमिनीचा झोन बदलून मागणारे अर्ज, दुसऱ्यात सर्वांच्या गोष्टींविषयीची पत्रे: रस्ता, मैदान, ओहोळ, स्मशान, पार्किंग. हे दोन्ही 'सूचना' या एकाच नावाखाली मोजले जातात, आणि मग अहवालात लिहिले जाते की जनतेने वसाहत क्षेत्र वाढवण्याची मागणी केली. मी स्वतः असे अहवाल पाहिले आहेत. पहिल्या गठ्ठ्यातला प्रत्येक सर्व्हे नंबर नकाशावर ठिपक्याने दाखव आणि तो नकाशा सुनावणीत लोकांपुढे ठेव. जमिनीच्या मालकाला मागण्याचा हक्क आहेच. शेजाऱ्याला ते दिसण्याचाही आहे.

प्रत्येक हरकतीपुढे निर्णय आणि त्याचे कारण लिही. 'नोंद घेतली' हे कारण होत नाही. 'मान्य नाही, कारण हा रस्ता रुग्णवाहिकेसाठी सहा मीटर लागतो' असे लिहिलेस तर नाराज माणूसही वाद घालायला दुसऱ्यांदा येतो, आणि कधीकधी त्याचे म्हणणे बरोबर निघते. हे काम कंटाळवाणे आहे, वरिष्ठ घाई करतील. तरी ते सोडू नकोस. पुढे कोणी न्यायालयात गेले तर तुझ्या बाजूने तो तक्ताच उभा राहील.

तुझ्या शहराच्या पूर्वेकडच्या प्रभागात अजून एक मानस (खाजनाच्या बांधातले पाण्याचे दार) चालू आहे असे तू लिहिले आहेस. पहिल्या फेरीची तारीख ठरवताना भरती-ओहोटीची वेळ पाहून घे. ओहोटीला तिची लाकडी दारे उघडतात आणि आतले पाणी नदीत जाते. भरती चढू लागली की नदीच्याच दाबाने ती आपोआप मिटतात. मिटताना पाहायची असतील तर भरतीच्या सुरुवातीलाच बांधावर उभे राहावे लागते. सर्वेक्षकांनाही बरोबर ने, आणि नोंदवहीतला त्या तुकड्याचा रकाना तिथे उभे राहूनच भरायला सांग.

तुझा शुभचिंतक