दर महिन्याला पासवर्ड बदलला की खातं जास्त सुरक्षित राहतं का? आणि मजबूत पासवर्ड कसा तयार करायचा?

नाही राहत. फोर्टमधल्या एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये बरीच वर्षं काढल्यावर सांगतेय.

आमच्याकडे दर तीस दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती होती. मोठं अक्षर, आकडा, चिन्ह हवंच आणि मागचा पासवर्ड पुन्हा चालायचा नाही. मग माणसं काय करणार? 'गणपती@६' असेल तर पुढच्या महिन्यात 'गणपती@७'. शेजारच्या टेबलावरच्या काकांचा कीबोर्ड उलटा केला की खाली सेलोटेपने चिकटवलेली चिठ्ठी, सगळं खोडलेलं, शेवटचा पासवर्ड तेवढा वाचता येईल असा. ऑडिटला आलेल्या पोरांनाही तो माहीत. मीटिंगमध्ये मी हा विषय काढला, तर सिस्टीमवाले साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुम्ही व्हाउचरं बघा, सिक्युरिटी आम्ही बघतो."

हा नियम जगभर पसरला तो अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेच्या २००३ सालच्या मार्गदर्शिकेमुळे. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनीच २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की तेव्हा केलेल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टनेही सल्ला बदलला: ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच लावा, चिन्हांची सक्ती नको, लांबी बघा. मी त्याची प्रिंट काढून साहेबांना दिली. त्यांनी ती फाइलला लावली, नियम तसाच ठेवला. मुंबईत असे साहेब अजून ढिगाने आहेत, आणि त्यांच्यामुळेच लोकांना पासवर्डचा वीट आलाय.

खरा धोका एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्यात आहे. एका साइटवरून चोरलेला पासवर्ड चोर तुमच्या मेलवर लावून बघतात. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीकडून तीन कोटींहून जास्त पासवर्ड बाहेर पडले, त्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला होता १२३४५६! म्हणून प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड, आणि तो पासवर्ड मॅनेजरलाच, म्हणजे सगळे पासवर्ड बनवून जपून ठेवणाऱ्या अ‍ॅपलाच, बनवू द्या. बिटवॉर्डन फुकटात मिळतो. त्याचा मुख्य पासवर्ड मात्र पाठ हवा: एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द, मुलाबाळांची नावं त्यात नकोत. मेलचा पासवर्ड आधी बदला, कारण 'पासवर्ड विसरलात?'ची लिंक तिथेच येते. मॅनेजर जमत नसेल तर डायरीत लिहून घरच्या कपाटात कुलपात ठेवा, कोणी हसलं तरी. कीबोर्डखालच्या चिठ्ठीपेक्षा ते शंभर पटीने बरं.

हो, बँकेने मुदत घातली असेल तर तिथे बदलावाच लागेल. आणि ओटीपी स्वतःच फोनवर सांगून टाकला, तर पासवर्ड कितीही लांब असून उपयोग नाही. तसं होऊन पैसे गेलेच तर घरच्यांपासून लपवत बसू नका, लगेच १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा.